हिशेबाचें पेव



सांगलीजवळच्या हरिपूर गांवांत जमिनीच्या पोटांत हळद सांठविण्याचीं पेवें आहेत, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. वर माणूस जेमतेम उतरेल एवढें तोंड, आणि खालीं विहिरीसारखी खोल मोकळी जागा. तेथील माती अशी कीं, हळद आंत भरून तोंड नीट बंद केलें म्हणजे ती वर्षानुवर्षें कीड लागल्यावांचून राहते. धान्याचीं पेवें महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं होतीं. हळदीच्या पेवांनीं मात्र सांगलीचें नांव दूरवर गेलें. ऊन, उंदीर, चोर आणि आग ह्या सर्वांपासून पेव मालाचें रक्षण करी. परंतु २००५ सालीं कृष्णेला महापूर आला, पाणी हरिपुरांत शिरलें, आणि पेवांतील हळदीचें फार मोठें नुकसान झालें. पेव खोदणाऱ्यांचें कांहीं चुकलें होतें असें मला वाटत नाहीं. ज्या संकटासाठीं तें खोदलें नव्हतें तें संकट आलें, एवढेंच.

आज मला बोलावयाचें आहे तें व्यापाऱ्याच्या संगणकांतील हिशेबाची नक्कल केव्हां, कशी व कोठें ठेवावी ह्याविषयीं. ह्या नकलेस दुकानांतून आणि कचेऱ्यांतून सर्वत्र बॅकअप असेंच म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरणार आहें. ही व्यवस्था बसविण्याची रीत बहुतेक ठिकाणीं ठराविक असते. जाणता माणूस येतो, यंत्रासमोर बसून पांचसात चौकटी उघडतो, “ठीक आहे ना?” असें विचारतो, आणि मालक मान हलवितो. त्या चौकटींतून विचारलेले प्रश्न वस्तुतः मालकाच्या धंद्याविषयींचे असतात, आणि त्यांचीं उत्तरें मालकावांचून दुसऱ्या कोणास देतां येत नाहींत. उत्तर मिळालें नाहीं म्हणून यंत्र अडून बसत नाहीं. तें तयार करणारांनीं जें सरसकट उत्तर भरून ठेविलेलें असतें, तेंच कायम होतें. मग सांगलीच्या अडत्याची, साताऱ्याच्या दवाखान्याची आणि परदेशांतील एखाद्या वखारीची व्यवस्था अगदीं एकसारखी होते.

माझे मामा सांगलीस हळदीची अडत करतात. त्यांच्या दुकानाची हकीकत त्यांच्या अनुमतीनें सांगतों. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें; तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची मानतात. २००५ चा अनुभव गांठीशीं असल्यामुळें मामांनीं पेठेंत पाणी येण्यापूर्वींच जुन्या वह्या रुमालांत बांधून माळ्यावर चढविल्या. संगणक जमिनीवरून उचलून टेबलावर ठेविला. बॅकअपची डिस्क त्याच संगणकाच्या पाठीमागें तारेनें जोडलेली असे व रोज रात्रीं नऊ वाजतां तिच्यावर नक्कल उतरे. तीही अर्थातच टेबलावर गेली. पाणी टेबलाच्या वर गेलें. पूर ओसरल्यावर दुकान उघडलें तेव्हां माळ्यावरच्या चाळीस वर्षांच्या वह्या कोरड्या होत्या, आणि चालू सालचा हिशेब चिखलांत होता. डिस्क पुण्यास पाठवून पाहिली. तिच्यांतून कांहीं निघालें नाहीं.

एक प्रत मात्र अचानक दुसरीकडे निघाली. मार्चअखेरीचे आकडे हिशेबतपासनिसांस दाखविण्यासाठीं दिवाणजींनीं ते पेन ड्राइव्हवर घेतले होते, आणि तो पेन ड्राइव्ह त्यांच्या मिरजेच्या घरीं कपाटांत पडून होता. म्हणजे ३१ मार्चपर्यंतचा हिशेब वांचला व पुढचे चार महिने गेले. आणि त्या चार महिन्यांतले पहिले दोन हळदीच्या ऐन सौद्यांचे. बँकेचें खातें बँकेंत होतें, जीएसटीचीं विवरणपत्रें सरकारच्या संकेतस्थळावर होतीं, सौद्यांच्या नोंदी बाजार समितीकडे होत्या. त्यांवरून पुष्कळसें जुळवितां आलें. अडलें तें शेतकऱ्यांच्या बाकीपाशीं. पट्टी झाली कीं प्रत्येक जण सगळी रक्कम लगेच नेतो असें नाहीं. कोणाची उचल आधींच झालेली असते, कोणी पैसे दुकानांतच ठेवून पुढें लागतील तसे नेतो. ज्यांच्यापाशीं पट्ट्या व पावत्या होत्या त्यांचें काम सोपें झालें. परंतु नदीकांठच्या गांवांत ज्यांचीं घरेंच पाण्याखालीं गेलीं, त्यांच्याजवळ कागद कोठून असणार? ते येऊन दुकानाच्या पायरीवर बसत आणि आपला आकडा तोंडी सांगत.

“मला माझीच लाज वाटत होती,” मामा मला म्हणाले. “त्याचं घर गेलं होतं. माझं काय गेलं होतं? एक टेबल!” मामांनीं बहुतेक सर्वांचे तोंडी आकडे मान्य केले. एका वृद्ध शेतकऱ्याचा आकडा आणि इतर नोंदींवरून निघणारा आकडा मात्र आजतागायत जुळलेला नाहीं. दोघांनींही मधला आकडा धरला आणि दोघांच्याही मनांत थोडी रुखरुख राहिली. ह्याच बोलण्याच्या ओघांत मामा म्हणाले, “अरे, हळद आपण जन्मात कधी एका पेवात ठेवली नाही. मग हिशेब एकाच पेवात कसा ठेवला?”

तेव्हां बॅकअपचें धोरण ठरवितांना आरंभ नकलेपासून करूं नये. हिशेब बुडाला आहे असें धरून तेथून उलट मागें यावें. असें केलें म्हणजे दोन प्रश्न आपोआप पुढें येतात. किती वेळाचें काम पुन्हा लिहावें लागलें तर आपणांस सोसेल, हा एक. आणि हिशेब पुन्हा उभा राहीपर्यंत दुकान किती वेळ थांबूं शकेल, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून नक्कल किती वेळानें घ्यावयाची तें ठरतें. दुसऱ्याच्या उत्तरावरून ती किती जवळ व कोणत्या तयारींत ठेवावयाची, आणि त्यापायीं किती खर्च करावयाचा, तें ठरतें.

हीं उत्तरें वर्षभर एकच असतील असेंही नाहीं. सातारा आणि सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. गळिताच्या हंगामांत तेथील वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो, आणि एका तासाच्या नोंदी गेल्या तर कितीतरी गाड्यांच्या उसाचें वजन वादांत पडतें. तेथें पंधरा मिनिटांनीं नक्कल घेणें मुळींच जास्त होणार नाहीं. तोच काटा पावसाळ्यांत गप्प असतो; त्या वेळीं दिवसाकांठीं एक नक्कल पुरते. अडत्याच्या दुकानांत सौद्याच्या दिवसांत दुपारीं एक आणि रात्रीं एक अशा दोन नकला घ्याव्या. एरव्हीं रात्रीची एक पुरे. लहान शाळेचें काम आठवड्याला एका नकलेवर भागेल असें वाटतें, परंतु प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत तें भागत नाहीं. यंत्रांत वेळ लिहावयाची चौकट असते ती ह्यासाठीं. तींत रात्रींचे नऊ आधींच लिहिलेले असले म्हणजे आपलें उत्तरही नऊच असलें पाहिजे असें नाहीं.

आतां नकलेच्या प्रकारांकडे वळूं. हा भाग ऐकतांना कठीण वाटतो, पण ज्यांच्या घरीं जुन्या पद्धतीनें जमाखर्च लिहिलेला आहे त्यांस तो नवा नाहीं. आपल्याकडे रोजचा व्यवहार होईल त्या क्रमानें कीर्दींत लिहीत, आणि मागाहून तो खातेवार खतावणींत चढवीत. खतावणी हरवली तरी आरंभींच्या बाक्या आणि त्यानंतरची सगळी कीर्द हातांत असली म्हणजे नवी खतावणी लिहून काढतां येई. मात्र मधलें एक जरी पान गहाळ झालें तरी पुढचें जुळत नसे. संगणकांतही हेंच आहे. संपूर्ण बॅकअप म्हणजे त्या क्षणींची सगळी खतावणी उतरून घेणें. दुसरा प्रकार वाढीव बॅकअपचा. ह्यांत मागच्या नकलेनंतर जेवढें बदललें तेवढेंच उतरतें, म्हणजे कीर्दीचें एक एक पान. तिसऱ्या प्रकारांत दररोज मागच्या संपूर्ण बॅकअपपासून आजपर्यंतचा सगळा फरक पुन्हा एकत्र उतरवितात.

आंकड्यांनीं पाहूं. समजा, दुकानाची एकंदर माहिती १०० जीबी आहे आणि तींत रोज एक जीबीचा नवा फरक पडतो. रविवारीं संपूर्ण नक्कल घेतली. सोमवारपासून शनिवारपर्यंत वाढीव नकला घेतल्या तर त्यांस सगळ्या मिळून सहा जीबी जागा लागेल. परंतु शनिवारीं रात्रीं हिशेब बुडाला तर तो उभा करण्यास रविवारची एक आणि पुढच्या सहा अशा सातही नकला शाबूत पाहिजेत. बुधवारची एक बिघडली असेल तर मंगळवारच्या पुढें जातां येणार नाहीं. तिसऱ्या प्रकारानें जागा एकवीस जीबी लागेल, पण रविवारची आणि शनिवारची अशा दोनच नकलांवर काम भागेल. जागा आज पूर्वीच्या मानानें स्वस्त झाली आहे आणि संकटाच्या वेळीं माणसाचें डोकें ठिकाणावर नसतें. म्हणून लहान व्यापाऱ्यानें दोन नकलांचा मार्ग घ्यावा असें माझें मत आहे. माहिती फार मोठी असेल तेथें मात्र पहिला मार्गच घ्यावा लागतो, आणि मग प्रत्येक नकलेची तपासणी अधिक कडकपणें करावी लागते.

येथें एक सूचना मध्येंच करून ठेवतों, कारण ही चूक मीं स्वतः केलेली आहे. दिवाणजी नोंद लिहीत असतांना हिशेबाच्या फाइली नुसत्या उचलून दुसरीकडे उतरवूं नयेत. उतरतांना अर्धी नोंद जुनी व अर्धी नवी अशी अवस्था झाली तर ती नक्कल दिसावयास धडधाकट दिसते, पण उघडत नाहीं. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्यें बॅकअपची स्वतःची सोय असेल तर तीच वापरावी. नाहीं तर काम बंद करून, सर्वांस बाहेर पडावयास सांगून, मग नक्कल घ्यावी.

नकला किती दिवस ठेवावयाच्या, हा प्रश्न मला सगळ्यांत कठीण वाटतो, आणि धोरणाच्या चौकटींत त्यालाच लोक सर्वांत कमी महत्त्व देतात. सात दिवसांच्या नकला ठेवून आठव्या दिवशीं पहिली पुसून टाकावी, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं असते. जळालेल्या किंवा मोडलेल्या यंत्रासाठीं ती पुरेशी आहे. परंतु कारकुनाच्या हातून एप्रिलमध्यें एक खातें पुसलें गेलें आणि तें सप्टेंबरांत कोणाच्या लक्षांत आलें, तर हातीं असलेल्या सातही नकलांत तें खातें पुसलेलेंच सांपडणार! चूक जितकी मुकी, तितकी तिच्यासाठीं जुनी नक्कल हवी. ह्यावर तज्ज्ञ लोकांनीं एक पद्धत बसविलेली आहे, तिला ते आजोबा, वडील आणि मुलगा ह्यांची पद्धत म्हणतात. रोजच्या सात नकला, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा आणि मार्चअखेरीची दर वर्षाची एक, अशा क्रमानें जुन्या नकला विरळ करीत जावयाचें. वर्षाच्या नकला आठ ठेविल्या तर एकंदर एकतीस नकलांत आठ वर्षें सांभाळलीं जातात.

आठच कां, असें कोणी विचारील. कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें मागच्या आठ आर्थिक वर्षांचीं हिशेबपुस्तकें ठेवावीं लागतात. त्या कायद्याखालील नियमांत संगणकावरच्या हिशेबाचा बॅकअप हिंदुस्थानांत असलेल्या सर्व्हरवर ठेविला पाहिजे असेंही आहे. पूर्वीं तो ‘ठराविक काळानें’ ठेवावा असे शब्द होते. ऑगस्ट २०२२ मध्यें ते बदलून ‘दररोज’ असे करण्यांत आले. मामांसारख्या एकट्या मालकास हा कायदा लागू नाहीं. जीएसटीचा मात्र नोंदलेल्या प्रत्येक व्यापाऱ्यास लागू आहे, आणि त्यांत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागद राखावयास सांगितलें आहे. त्याच्या २०१७ च्या नियमांपैकीं ५७ वा नियम मुद्दाम वाचण्यासारखा आहे. अपघातानें अथवा नैसर्गिक कारणानें नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतींत पुन्हा उभ्या करतां येतील असा बॅकअप ठेवावा, असें तो सांगतो. कायदा लिहिणारांनीं येथें नुसती नक्कल मागितलेली नाहीं, ती पुन्हा उभी राहिली पाहिजे असें म्हटलें आहे. आणि मला वाटतें हें त्यांनीं फार चांगलें केलें.

आतां नक्कल कोठें ठेवावी. एकंदर तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गांवीं, असा सोपा नियम सर्वत्र सांगतात. ह्यांत ‘दुसऱ्या गांवीं’ हे शब्द लोक सैल करतात. एकाच पेटींत दोन डिस्का बसवून दोहोंवर एकदम लिहिण्याची सोय सर्व्हरमध्यें असते. तिच्यामुळें एक डिस्क मोडली तरी काम थांबत नाहीं, म्हणून ती असावी. परंतु ती आरशासारखी आहे. मुळांत जें पुसाल तें आरशांतूनही त्याच क्षणीं पुसलें जातें, आणि पाणी आलें तर दोन्ही डिस्का एकाच पाण्यांत बुडतात. मोठ्या संस्थाही ह्यांत फसतात. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें १० मार्च २०२१ रोजीं ओव्हीएच नांवाच्या कंपनीच्या आवारांत आग लागून सर्व्हरांची एक सबंध इमारत जळाली. ज्या गिऱ्हाइकांच्या नकलाही त्याच आवारांत होत्या, त्यांपैकीं कित्येकांस मूळ आणि नक्कल दोहोंसही मुकावें लागलें.

आपल्या इतिहासाच्या कागदांचें नशीब ह्या बाबतींत कांहींसें बरें होतें. पत्र एकाच्या दफ्तरांतून नाहींसें झालें तरी ज्याला तें लिहिलें त्याच्या वाड्यांत सांपडावें, सरकारांतली सनद गेली तरी वतनदाराच्या घरची राहावी, असें पुष्कळदां घडलें. राजवाडे, पारसनीस प्रभृतींस कागदांसाठीं एवढ्या वाड्यांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या त्याचें कारण हेंच. हें कोणी धोरण म्हणून केलेलें नव्हतें. संगणकाच्या हिशेबाला असे वाडे मुद्दाम बांधावे लागतात.

सांगलीच्या माणसानें दुसरें गांव कोणतें निवडावें? मिरज जवळ आहे, पण फारच जवळ आहे. मीं मामांस सातारा सुचविला. दोन्ही गांवांचा कृष्णेशीं संबंध आहे. महाबळेश्वरास उगम पावून ती वाईवरून साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णेला भेटते, कऱ्हाडास कोयनेला घेते आणि मग सांगलीस येते. परंतु सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलें आहे. कृष्णेचा पूर तेथें चढत नाहीं. साताऱ्याची भीति वेगळी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें त्या जिल्ह्यास काय झालें हें वडील माणसें अजून सांगतात. दोन शहरांमध्यें सुमारे एकशें वीस किलोमीटरांचें अंतर आहे, आणि एकाच दिवशीं दोहोंवर एकच संकट कोसळेल हा संभव अल्प आहे. साताऱ्याच्या व्यापाऱ्यानें आपली प्रत सांगलीस ठेवावयास हरकत नाहीं. मात्र ती वरच्या मजल्यावर ठेवावी!

“हल्लीं सगळें इंटरनेटवर ठेवतां येतें, मग डिस्क कशाला न्यावयाची?” असा प्रश्न येथें येईल. इंटरनेटवरची नक्कल अवश्य असावी. परंतु तिचाही हिशेब मांडून पाहावा. तारेचा वेग सेकंदास २० मेगाबिट धरला तर रोजचा एक जीबीचा फरक सातएक मिनिटांत जातो. रात्रीं कोणास कळतही नाहीं. सगळे १०० जीबी परत आणावयाचे झाले तर त्याच वेगानें अकरा तासांहून अधिक लागतात, तेंही तार व वीज चालू असेल तर. २०१९ च्या पुरांत शहराच्या अनेक भागांत वीज नव्हती आणि कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. म्हणून तीन प्रतींचीं तीन कामें समजून घ्यावीं. दुकानांतली नक्कल रोजच्या किरकोळ चुकीसाठीं, इंटरनेटवरची नक्कल यंत्र मोडलें अथवा जळालें तर, आणि दुसऱ्या गांवची डिस्क सगळेंच गेलें तर.

डिस्क तारेनें जोडलेली नसणें ह्यालाही एक स्वतंत्र महत्त्व आलें आहे. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रव जगभर पसरला. त्यानें लक्षावधि संगणकांतील फाइलींना परकें कुलूप घातलें आणि तें उघडण्यासाठीं खंडणी मागितली. अशा उपद्रवाला संगणकास जोडलेली बॅकअपची डिस्क ही निराळी वस्तु वाटत नाहीं. तो तिलाही कुलूप घालतो. भिंतीआड कपाटांत पडलेल्या डिस्केपर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. इंटरनेटवरच्या नकलेसाठीं ‘इतके दिवस कोणासही पुसतां येऊं नये’ असें सेटिंग पुष्कळ ठिकाणीं मिळतें. तें निदान तीस दिवसांचें ठेवावें, आणि पुसण्याचा अधिकार रोज काम करणाऱ्या माणसाच्या खात्यास देऊं नये. दुसऱ्या गांवीं जाणाऱ्या डिस्केला आपलें स्वतःचें कुलूप मात्र अवश्य घालावें, कारण प्रवासांत ती हरवूं शकते. त्या कुलुपाचा परवलीचा शब्द डिस्केच्या पिशवींत ठेवूं नये आणि फक्त संगणकांतही ठेवूं नये. तो हरवला तर जगांतील कोणीही मनुष्य तें कुलूप उघडून देऊं शकणार नाहीं.

एवढें करूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या अनुभवानें बहुतेक व्यवस्था तेथेंच गळतात. नक्कल उतरली असें यंत्र सांगतें. ती उघडते कीं नाहीं हें कोणी पाहात नाहीं. गिटलॅब ही संगणकाच्या जाणकारांसाठींच काम करणारी मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तेथें एका जाणत्या माणसाच्या हातून चालू माहितीचा साठा चुकून पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. पाहूं गेलें तों त्या एक तर चालत नव्हत्या, किंवा मुळांत सुरूच केलेल्या नव्हत्या. बॅकअप बिघडल्याचीं पत्रें यंत्र पाठवीत होतें, पण तीं कोणापर्यंत पोंचत नव्हतीं. सहा तासांपूर्वीं कोणीतरी दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेली एक नक्कल होती, तिच्यावर निभावलें. मिरजेच्या कपाटांतल्या पेन ड्राइव्हची येथें कोणासही आठवण होईल.

कृष्णेकांठीं वाईसारख्या क्षेत्रीं वेदपाठाची मोठी परंपरा आहे. तेथील घनपाठी ब्राह्मण एकच शब्द पुढून, मागून, जोडून व उलटवून म्हणत. ह्यांत एक अक्षर जरी गळलें तरी सांखळी तुटे आणि चूक तत्काळ कानास कळे. संगणकांतही प्रत्येक नकलेबरोबर असा एक पडताळ्याचा आकडा काढून ठेवण्याची सोय आहे. मूळ व नक्कल ह्यांचे आकडे जुळले तरच नक्कल खरी मानावयाची. हें सेटिंग पुष्कळ ठिकाणीं बंद असतें, कारण त्यानें वेळ वाढतो. तें चालू करावें. पण पडताळा जुळला तरी तेवढ्यावर न थांबतां तीन महिन्यांनीं एकदां दुसऱ्याच संगणकावर सगळा हिशेब उभा करून पाहावा. बिघाडाचें पत्र कोणाच्या नांवें जावें हेंही ठरवावें, आणि तें एकाच्या नांवें जाऊं नये; तो एक जण रजेवर असतो तेव्हांच बॅकअप बंद पडतो.

मला दिलेला वेळ संपत आला. मामांची सध्यांची व्यवस्था सांगून थांबतों. दुकानांतली नक्कल रोज दुपारीं व रात्रीं उतरते. रात्रींचा फरक इंटरनेटवर जातो. दोन डिस्का आळीपाळीनें साताऱ्यास माझ्या मावशीकडे जातात. मामांचा मुलगा कामानिमित्त महिन्यांतून दोनदां तिकडे जातो, तो एक ठेवून दुसरी घेऊन येतो. मावशी त्या डिस्केला ‘दादाची हळद’ म्हणते आणि ती लोखंडी कपाटांत दागिन्यांच्या खणांत ठेवते. परवलीचा शब्द मामांच्या बँकेच्या लॉकरांत आणि दिवाणजींच्या घरीं अशा दोन ठिकाणीं बंद पाकिटांत आहे. बिघाडाचीं पत्रें दिवाणजींकडे आणि माझ्याकडे येतात.

मागील खेपेस आम्हीं साताऱ्यासच, मावशीच्या जेवणाच्या टेबलावर, एका उसन्या संगणकावर हिशेब उभा करून पाहिला. सव्वातीन तास लागले. खातीं सगळीं जुळलीं, बाक्या जुळल्या. पट्टी छापावयास गेलों तेव्हां मात्र मराठी अक्षरांच्या जागीं चौकोन उमटले, कारण त्या संगणकावर पट्टीचा टंकच नव्हता. आतां तो टंकही डिस्केवर ठेविला आहे. मामा म्हणाले, “बाकी नुसती पडद्यावर दिसून काय उपयोग? शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडली पाहिजे.” पुढची परीक्षा जूनमध्यें, पाऊस सुरू होण्यापूर्वीं घ्यावयाची ठरली आहे.